कढीपत्त्याचं वय

"तुमच्या चटणीतला कढीपत्ता साडेबाराशे वर्षांपूर्वीचा आहे," फोनवरचा माणूस म्हणाला.

महानंदा हत्तुरे हसली. सकाळचे साडेनऊ वाजले होते, अठराही शेगड्या पेटलेल्या होत्या आणि भाकऱ्या थापण्याचा आवाज असा घुमत होता, की आपणच चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं. ती फोन घेऊन दाराबाहेर आली.

"पुन्हा सांगा की जरा."

फोन पुण्याहून होता. तिचा माल परदेशी पाठवणाऱ्या व्यापारी संस्थेतला गुणवत्ता अधिकारी बोलत होता, आणि तो हसत नव्हता. "गेल्या महिन्यातल्या चटणीतला पाला वेगळा काढून वयमापी यंत्रात घातला. त्यातला कार्बन जुना निघालाय. याचा अर्थ एकच होतो, ताई. खनिज तेलापासून केलेला कृत्रिम अर्क मिसळलाय. रॉटरडॅमला जाणारा तुमचा सगळा माल थांबवलाय. भाकऱ्यासुद्धा. पंधरा दिवसांत खुलासा द्या, नाहीतर नाव काळ्या यादीत जाईल."

सोलापुरात होटगी रस्त्याला महानंदाचं अक्कमहादेवी भाकरी केंद्र होतं. बावन्न वर्षांची ही बाई गेली सोळा वर्षं ते चालवत होती. ज्वारीची पातळ, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कढीपत्त्याची चटणी. शेचाळीस बायका तिथे काम करत. सगळ्या तिला अक्का म्हणत. लग्न राहूनच गेलं होतं. आई लवकर गेली आणि धाकट्या भावाला, शिवानंदला, शिकवण्यात तिची वर्षं निघून गेली. भेसळ हा शब्द तिच्या केंद्राबद्दल आजवर कुणी उच्चारला नव्हता.

तिने फोन ठेवला, मागच्या चौकातल्या कढीपत्त्याच्या झाडाची एक फांदी मोडली, पिशवीत घातली आणि थेट शहरातल्या तपासणी प्रयोगशाळेत गेली.

*

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. तरन्नुम बागवान चाळिशीच्या, बारीक चणीच्या बाई होत्या. त्यांनी फांदी हातात घेतली, पान चुरगाळून वास घेतला.

"मघाशी तोडलीत?"

"तासही झाला नाही. माझ्या हाताने लावलेलं झाड आहे. यात अर्क कसा येईल सांगा."

"यंत्रालाच विचारू," बागवान मॅडम म्हणाल्या.

वयमापी लोखंडी कपाटाएवढं होतं. अशा मोजणीसाठी पूर्वी अख्खी इमारत लागे, महिनाभर थांबावं लागे. गेल्या पाच-सहा वर्षांत लेझर इतके बारीक आणि स्वस्त झाले होते, की २०३९ सालच्या सोलापुरात मधात साखरेचा पाक आहे का, हळदीत रंग आहे का, हे वीस मिनिटांत कळू लागलं होतं. पान यंत्रात जळलं, त्याचा वायू झाला, त्या वायूतून लेझरचा किरण शेकडो वेळा इकडून तिकडे गेला. पडद्यावर आकडा आला. एक हजार दोनशे वीस वर्षं.

बागवान मॅडमनी दुसरं पान घातलं. मग तिसरं. आकडा हलला नाही.

"असं बघा, ताई," त्या खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या. "हवेतल्या कार्बनमध्ये एक अगदी किंचितसा भाग वेगळा असतो. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे तो वरच्या हवेत सतत तयार होत राहतो. झाड श्वासाबरोबर तो घेतं, झाड खाणारी गाय घेते, आपणही घेतो. जीव गेला की घेणं थांबतं आणि आत असलेला भाग हळूहळू विरतो. पावणेसहा हजार वर्षांत निम्मा होतो. दगडी कोळसा, खनिज तेल, जमिनीखालचा वायू, हे सगळं कोट्यवधी वर्षं पुरलेलं. त्यात तो भाग शून्य. म्हणून जिवंत वस्तूत खनिज कार्बन मिसळला, की यंत्राला ती जुनी वाटते. साडेबाराशे वर्षं म्हणजे या पानातला साधारण सातवा हिस्सा जमिनीखालचा आहे."

"पण ते झाडावर होतं हो मॅडम. जिवंत होतं."

"तेच तर." त्या उठल्या. "मला झाड दाखवा."

केंद्राच्या मागे तीन बाजूंनी भिंती असलेला चिंचोळा चौक होता. त्यात कढीपत्त्याची सहा झाडं. शेगड्यांवरची गरम हवा बाहेर फेकणारे चार मोठे पंखे बरोबर त्या झाडांच्या डोक्यावर उघडत होते. बागवान मॅडम चौकात आल्या आणि पंख्यांकडे बघून खुदकन हसल्या.

"झाड भेसळ करत नाही, ताई. तुमच्या शेगड्यांतून निघतं तेच ते दिवसभर श्वासात घेतं. पंखे जुना वायू ओकताहेत." त्यांनी वळून विचारलं, "गॅस कुठला वापरता?"

महानंदाला उत्तर द्यावं लागलं नाही. भिंतीवर मोठं चित्र लावलेलं होतं. इरकल साडीतली महानंदा, हातात भाकरी, मागे हिरवं शेत. खाली अक्षरं: 'माझ्या भाकरीचा जाळ शेतातला आहे. सस्यज्योती जीवगॅस. शंभर टक्के शेतातून, थेट शेगडीत.' हेच चित्र दोन वर्षं शहरातल्या सात रस्ता चौकातल्या मोठ्या फलकावर होतं.

"कारखान्याच्या मळीपासून आणि शेणापासून करतात म्हणे," महानंदा हळूच म्हणाली.

"तसं असतं तर पानं आजची निघाली असती. ऊस परवा शेतात उभा होता. त्याचा धूरही परवाचाच."

त्यांनी शेगडीवरची गरम हवा एका फुग्यात भरून घेतली. दोन किलोमीटरवरच्या महानंदाच्या घरच्या कढीपत्त्याची चार पानंही मागवली. दुपारी तीन वाजता निकाल आला. घरचा कढीपत्ता आजचा होता. शेगडीच्या धुरात तो जिवंतपणाचा भाग जवळपास नव्हताच.

"तुमच्या नळातला गॅस जमिनीखालचा आहे," बागवान मॅडम म्हणाल्या. "पुण्याला मी पत्र देते. चटणी शुद्ध आहे, झाडांना खनिज गॅसचा धूर लागतो, असं. माल सुटेल. पण पत्रात खरं कारण लिहावं लागेल."

महानंदाने टेबलावरचं भाकरीचं पाकीट उलटं केलं. मागच्या बाजूला हिरव्या ज्योतीचं चिन्ह होतं. तिकडच्या गिऱ्हाइकांनी तिची भाकरी निवडली होती ती याच चिन्हासाठी. चटणीवरचा डाग पुसायचा, तर भाकरीवरची ज्योत विझणार होती.

*

शिवानंद दर रविवारी सकाळी बहिणीकडे येई. सस्यज्योती कंपनीचं जीवगॅस केंद्र बार्शी रस्त्याला होतं आणि तो तिथला व्यवस्थापक होता. जाहिरातीसाठी बहिणीचं नाव त्यानेच सुचवलं होतं. चित्रीकरणाच्या दिवशी तिचा पदर नीट करायलाही तोच पुढे झाला होता.

महानंदाने अहवाल त्याच्यासमोर ठेवला. त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलंच नाही.

"तपासायला कशाला गेलीस, अक्का?"

"म्हणजे तुला माहीत होतं."

तो चहाचा कप बाजूला सारून म्हणाला, "केंद्र चौदा महिने बंद आहे. मोठ्या टाकीला तडा गेला. दुरुस्तीला वरून होकार येत नाही. कंपनी दुसऱ्या राज्यातल्या प्रकल्पांकडून प्रमाणपत्रं घेते. तिकडे जेवढा जीवगॅस बनतो तेवढा तिकडेच जळतो. कागदावर तो आपल्या नळात आला असं धरतात."

"आणि आपल्या नळात काय येतं?"

"जहाजातून येतो तो. साधा."

"मग फलकावर तसं लिहायचं की."

"तसं लिहिलं तर जास्त दर देऊन कोण घेईल?" त्याचा आवाज चढला. "सगळेच असं करतात. केंद्रात बावीस माणसं आहेत, अक्का. बंद असूनही एकालाही घरी पाठवलेलं नाही. ते कशावर चाललंय?"

"ती माझ्या तोंडून निघालेली ओळ आहे, शिवा."

"तू बोललीस तेव्हा ती खरी होती! तेव्हा केंद्र चालू होतं. मी तुला खोटं बोलायला लावलं नाही."

"तेव्हा नाही. पण गेले चौदा महिने दर रविवारी इथे बसून चहा प्यालास."

तो उठला. दाराशी थांबून म्हणाला, "पुण्याच्या लोकांना काहीतरी दुसरं कारण दे. रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर म्हण. माझ्यासाठी एवढं कर."

त्याने आजवर तिच्याकडे जे जे मागितलं होतं, ते तिने दिलं होतं. त्या दिवशी ती नुसती मान खाली घालून बसली. त्याला तो होकार वाटला.

*

सोमवारी दुपारी तिने बायकांना सगळं सांगितलं. सगळ्यांत जुनी सुगलाबाई म्हणाली, "अक्का, भाकरी तर खरीच आहे की. ज्वारी खरी, हात खरे. जाळ कुठला का असेना."

"पाकिटावर आपण जाळाचंच चित्र छापलंय, सुगलाबाई."

"मग चित्र काढू गुपचूप."

"ते का काढलं, हे विचारतील. तेव्हा काय सांगायचं?"

"आपलं काम गेलं तर?" कुणीतरी मागून विचारलं.

"जाऊ शकतं," महानंदा म्हणाली. "खोटं सांगून मी तुम्हाला कामावर बोलावणार नाही. पुण्याला पत्र गेलं, की निम्मा माल थांबेल. पण वयमापी आज सोलापुरात आहे, उद्या रॉटरडॅमच्या दुकानात असेल. त्या दिवशी कंपनीला कुणी विचारणार नाही. पाकिटावर नाव आपलं आहे."

सुगलाबाईने बराच वेळ हातावरचं पीठ झाडलं. "मग आधी कंपनीला विचार की. त्यांच्या तोंडून तरी ऐकू."

महानंदाने कंपनीला पत्र लिहिलं. नळात येणारा गॅस कोणता, तो कुठे तयार होतो आणि हे कुणी मोजलं, एवढंच विचारलं. उत्तर म्हणून गुळगुळीत कागदाची चाळीस पानी पुस्तिका आली. तीत सूर्यफुलं होती, हसणारी मुलं होती, 'हरित प्रवास' हा शब्द एकतीस वेळा होता आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पुण्याला बागवान मॅडमचं पत्र गेलं. चटणी सुटली. भाकरीची पुढची मागणी थांबली. आणि महानंदाने ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. वकील लावला नाही. ग्राहकाला स्वतः उभं राहता येतं, हे तिला आयोगाच्या कारकुनानेच सांगितलं.

आठवड्याने कंपनीचे वकील ॲड. सरदेशमुख केंद्रात आले. अत्यंत सभ्य माणूस. भाकरी चाखली, तोंडभर कौतुक केलं.

"हत्तुरेबाई, कायदा असा आहे, की फसव्या जाहिरातीला कंपनी जशी जबाबदार, तशी त्यात बोलणारी व्यक्तीही जबाबदार. तुम्ही खड्डा खणताय, पण आधी कोण पडणार ते बघा. शिवाय तुमचे बंधू आमच्याकडे आहेत. चांगला माणूस आहे."

"हे धमकावणं झालं का?"

"छे छे. माहिती दिली."

ते गेल्यावर महानंदा सरळ आत गेली. तिने हात पिठाच्या परातीत घातले आणि ओळीने वीस भाकऱ्या थापल्या.

*

आयोगाने तपासणीचा दिवस ठरवला. मंगळवार, सोळा तारीख, सकाळी दहा. आयोगाचा अधिकारी समोर असताना शेगडीवरची हवा भरायची आणि तिथल्या तिथे मोजायची. नियमाप्रमाणे कंपनीलाही आधी कळवलं गेलं.

आदल्या संध्याकाळी शिवानंदचा फोन आला. तक्रार झाल्यापासूनचा पहिलाच.

"अक्का, उद्या काळजी करू नकोस. सगळं नीट येईल. मग तू तक्रार मागे घे. तुझंही नाव राहील, माझंही."

"नीट येईल म्हणजे काय, शिवा?"

"नीट म्हणजे नीट," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मंगळवारी बागवान मॅडमनी प्रयोगशाळेतलं वयमापी टेम्पोतून आणलं. वीस मिनिटं सगळे पडद्याकडे बघत उभे होते. आकडा आला. गॅस आजचा होता. शेतातला. शंभर टक्के.

कंपनीच्या वतीने आलेल्या सरदेशमुखांनी फक्त चष्मा पुसला. दुपारपर्यंत शहरभर झालं, की भाकरीवालीची तक्रार फुसकी निघाली. केंद्रातल्या दोन बायकांनी तर सुटकेचा निःश्वास टाकला. बागवान मॅडम मात्र यंत्रासमोर बसून आकडे पुन्हा पुन्हा तपासत होत्या.

"पहिल्यांदा मी चुकले असेन का?" त्या स्वतःशीच म्हणत होत्या. "यंत्र तेच आहे."

महानंदा चौकात गेली. झाडांकडे बघत उभी राहिली. भावाचं बोलणं तिच्या कानात होतं. मग ती आत आली आणि विचारलं, "मॅडम, नळातला गॅस एका दिवसात बदलता येतो. पान एका दिवसात बदलतं का?"

"नाही. पान महिनोन् महिने जमवलेल्या हवेचं असतं."

"आणि वाळवून ठेवलेलं पान?"

"ते तर कधीच बदलत नाही. तोडलं त्या दिवशी त्याचा हिशेब थांबला."

महानंदाने कपाट उघडलं. खाद्यपदार्थ करणाऱ्याला प्रत्येक खेपेचा नमुना जपून ठेवावा लागतो. फळीवर कढीपत्ता चटणीच्या सव्वीस बाटल्या ओळीने होत्या, प्रत्येकीवर महिना आणि साल. बागवान मॅडम उठून उभ्या राहिल्या.

सव्वीस बाटल्या मोजायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत महानंदाने भावाच्या फोनबद्दलही मॅडमना सांगितलं. पहिल्या बारा महिन्यांचा पाला आजचा होता. तेराव्या महिन्यात आकडा चढायला लागला, पंधराव्यात हजारावर गेला आणि तिथेच राहिला. रस्ता तोच होता, गाड्या त्याच होत्या, झाडं तीच. फक्त चौदा महिन्यांपूर्वी कुणीतरी नळातला गॅस बदलला होता.

"पण बाटल्या तुमच्याच ताब्यात होत्या," बागवान मॅडम म्हणाल्या. "ते म्हणतील, तुम्हीच काहीतरी केलंत. मंगळवारी काय घडलं, याचा पुरावा हवा. भावाचा तो फोन, ताई. तो नोंदलेला असेल."

"आहे."

"मग तो आयोगापुढे ठेवा."

"तो फोन भावाने बहिणीला केला होता," महानंदा म्हणाली. "तो मी कुणापुढे ठेवणार नाही."

*

सुनावणीच्या दिवशी कंपनीने एकच साक्षीदार आणला. शिवानंद हत्तुरे, व्यवस्थापक, जीवगॅस केंद्र. सरदेशमुखांनी त्यालाच का निवडलं, हे सभागृहातल्या सगळ्यांना कळत होतं. बाई भावाला काय विचारणार?

त्याने प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. पुरवठा अखंडित, प्रमाणपत्रं वैध, ग्राहकाची कोणतीही फसवणूक नाही. वाचताना त्याने मान वर केली नाही.

"तक्रारदार, तुम्हाला काही विचारायचं आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

महानंदा उभी राहिली. समोर पंचेचाळिशीचा माणूस होता, कानशिलं पांढरी झालेला. शर्टाचं वरचं बटण त्याने घट्ट लावलं होतं. शाळेच्या पहिल्या दिवशी तिनेच ते तसं लावायला शिकवलं होतं. तिने आयुष्यात पहिल्यांदा त्याला अहोजाहो केलं.

"हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"वकीलसाहेबांनी तयार केलं. मी वाचलं आणि सही केली."

"मग तो कागद खाली ठेवा. आता न वाचता सांगा."

सरदेशमुख उठले. अध्यक्षबाईंनी हाताने त्यांना बसायला सांगितलं. शिवानंदने कागद ठेवला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

"सोळा तारखेची तपासणी झाली, तेव्हा आमच्या गल्लीच्या नळाला काय जोडलं होतं?"

तिला स्वतःला उत्तर माहीत नव्हतं. तिने फक्त अंदाज बांधला होता. तो "काहीच नाही" म्हणाला असता, तर तिच्याकडे दुसरा प्रश्न नव्हता. छताचा पंखा फिरत होता. कारकुनाची बोटं कळफलकावर थांबलेली होती. शिवानंदने एकदा सरदेशमुखांकडे पाहिलं, मग बहिणीकडे. ती फोनबद्दल विचारेल म्हणून तो वाट पाहत होता, हे तिला स्पष्ट दिसलं. तिने विचारलं नाही.

"टँकर," तो म्हणाला.

"जरा मोठ्याने," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"खऱ्या जीवगॅसचा टँकर. बाहेरून मागवला. सोमवारी दुपारी मीच जोडला. तपासणी झाल्यावर मीच काढला."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी साधा गॅस. केंद्र बंद आहे. आता सोळा महिने होतील." त्याने घाम पुसला. "वरून लेखी आदेश होता. माझ्याकडे आहे."

सभागृहात एकदम आवाज वाढला. सरदेशमुख कागद गोळा करू लागले. महानंदा मात्र अजून उभीच होती.

"अजून काही?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"होय. मलाही जबाबदार धरा."

"तुम्ही बोललात तेव्हा केंद्र चालू होतं, असं रेकॉर्डवर आहे."

"तेव्हा होतं. पुढे ते चालू आहे का, हे मी एकदाही बघायला गेले नाही. आणि माझा चेहरा दोन वर्षं सात रस्त्याच्या फलकावर होता. तो बघून किती जणांनी जोडणी घेतली असेल. त्यांना मी काय सांगू?"

अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर शिवानंद एकटा उभा होता. बरोबरची माणसं त्याला सोडून गाडीत बसून निघून गेली होती.

"फोनचं का नाही काढलंस?" त्याने विचारलं.

"तो तक्रारदाराला आला नव्हता."

तो हसल्यासारखा झाला, पण चेहरा कडवट होता. "माझी नोकरी गेली, अक्का. बावीस जणांचीही जाईल. तुला वाईट वाटतंय का?"

"फार."

"पण परत हेच करशील."

"हो, शिवा."

त्याने मान हलवली आणि पायऱ्या उतरून गेला. तिने हाक मारली नाही.

*

निकाल दीड महिन्याने लागला. जाहिरात ताबडतोब बंद करायची. पुढे 'शेतातला' असा शब्द वापरायचा तर वयमापीचा मासिक अहवाल ग्राहकाला दाखवायचा. आणि सात रस्त्याच्या त्याच फलकावर, मूळ जाहिरातीएवढ्याच अक्षरांत, तीस दिवस कबुली द्यायची. महानंदाला वर्षभर कोणत्याही जाहिरातीत दिसायला बंदी झाली. तिने तो आदेश केंद्राच्या भिंतीवर, जिथे पूर्वी ते चित्र होतं, तिथे लावला.

भाकरीची परदेशी मागणी निम्म्यावर आली. बायकांनी पाळ्या वाटून घेतल्या. कुणाला काढलं नाही, पण सगळ्यांच्याच हाताला काम कमी झालं. नव्या पाकिटावर काय छापायचं यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी सुगलाबाईने सांगितलं तेच छापलं: 'ज्वारी सोलापूरची. जाळ साध्या गॅसचा. बदलला की कळवू.' तिकडच्या एका दुकानदाराने त्या ओळीचं भाषांतर मागवलं आणि आपली मागणी पूर्वीएवढीच ठेवली. बाकीच्यांनी काही कळवलं नाही.

लातूर, इचलकरंजी, मिरजेहून लोक बागवान मॅडमकडे पाकिटांतून पानं पाठवू लागले. कुणी खानावळीच्या मागची अळूची, कुणी लाँड्रीच्या खिडकीतल्या मोगऱ्याची. त्यांना दुसरं यंत्र मागवावं लागलं.

शिवानंद रविवारी येईनासा झाला. त्याला विजापूरला कुठेतरी काम मिळाल्याचं महानंदाला तिसऱ्याकडून कळलं. तिने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा भावजयीने उचलला आणि "ते आंघोळीला गेलेत" असं सांगितलं. मग महानंदाने फोन करणं सोडलं. काही गोष्टी आपणच ओढवून घेतलेल्या असतात, त्यांचं ओझंही आपणच उचलायचं, असं ती मनाशी म्हणे. पण रविवारी सकाळी चहा टाकताना तिचा हात दुसऱ्या कपाकडे जाई.

कंपनी अपिलात गेली, हरली, आणि निकालाला सात महिने होऊन गेल्यावर एका बुधवारी भर दुपारी महानंदाचा फोन वाजला. मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते.

"अक्का, मी सात रस्त्याला उभा आहे."

ती फोन घेऊन दाराबाहेर आली. "कधी आलास?"

"सकाळीच. कबुलीचा फलक आज लागला ना, तो बघायला." तो थांबला. "तू बघितलास का?"

"नाही. तिकडे जायचं धाडस झालं नाही."

"ये. बघ." त्याचा आवाज एकदम तिच्या ओळखीचा झाला, लहानपणी गणितात चूक सापडल्यावर व्हायचा तसा. "अक्षरं लहान केलीत त्यांनी. जुनी जाहिरात मीच लावून घेतली होती, मला माप पाठ आहे. अक्षर चार फुटांचं होतं. हे दीड फुटाचंसुद्धा नाही. वर पुन्हा ते हिरवं शेत छापलंय."

"मग?"

"मग काय? टेप आणलाय मी. पानपट्टीवाल्याकडून शिडी मागितली आहे. तू तक्रारीचा कागद घेऊन ये, मापं मी लिहून देतो."